गच्चीवर सतरा माणसं

लाइनमनच्या घरात वीज नसावी, यापेक्षा मोठी थट्टा ती कोणती? गावाने ती पोटभर करून घेतली. यंदा उन्हाळा असा पेटला होता की घरोघरचे पंखे थांबायचं नाव घेत नव्हते, आणि तारांना तो भार पेलेना. मग वरून हुकूम सुटला, रोज दुपारी दोन ते पाच लाइन बंद. खटका ओढायचं काम अर्थातच लाइनमनचं. तो बरोबर दोनला खांबावर चढायचा, खालून येणाऱ्या शिव्या झेलत खटका ओढायचा, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्याच्याच घरात पडायचा.

त्याच्या बायकोला सासरी धाकटी म्हणत, म्हणून सारं गावही धाकटीच म्हणे. दोन वाजले की धाकटीचे कान मागच्या खोलीकडे लागायचे. मागच्या खोलीत तिचं अंडी उबवायचं मशीन होतं. कपाटाएवढं, तीन खणांचं, एका वेळी तीनशे अंड्यांचं. त्याची घरघर थांबली की ती हातातलं काम टाकून धावायची. अंडी एकवीस दिवसांत फुटतात, त्यातले पहिले सतरा-अठरा दिवस निभावून नेता येतं. वर पांघरुणं घातली, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की अंडी तीन तास कळ काढतात. पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत आत पिल्लू पूर्ण भरलेलं असतं. ते स्वतःच तापतं, आणि पंखा बंद पडला की कवचातल्या कवचात गुदमरतं. तिथे पांघरुणाचा काय उपयोग?

मागच्या खेपेला नेमकं तेच झालं. तीनशेतली एकेचाळीस निघाली. बाकीची तिने टोपलीत भरून परसात खड्डा करून पुरली, आणि आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. गावातल्या पंधरा बायका तिच्या पिल्लांवर डोळे लावून बसल्या होत्या. प्रत्येकीने मागच्या दारी खुराडं बांधून ठेवलं होतं. त्या रिकाम्या खुराड्यांवरून जाताना धाकटीची मान वर व्हायची नाही. या खेपेलाही असंच झालं तर मशीन विकून मोकळं व्हायचं, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

म्हणून तर उन्हावर वीज करणारे पॅनल. सहा पॅनल, दोन बॅटऱ्या आणि पॅनल टेकवायचे लोखंडी घोडे एका टेम्पोतून अंगणात उतरले. पॅनलवाला घाम पुसत म्हणाला, "आठ दिवसांत बसवतो वहिनी. तुम्ही बिनघोर अंडी लावा."

आणि तिने खरंच लावली, त्याच दुपारी. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने एका अंगाला फुली केली, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, तेव्हा कुठलं फिरलं आणि कुठलं राहिलं ते यावरून कळतं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "बाजारात तुरी," त्या म्हणाल्या. "आधी ते वर बसू दे, मग हे खाली बसव."

सासूबाईंचं बोलणं नेहमी तिरकं असे आणि नेहमी खरं ठरे, हा त्या घराचा जुना वैताग होता. तिसऱ्या दिवशी पॅनलवाला डोकं खाजवत आला.

"वहिनी, एक बारीकसा कागद लागेल. परवानगीचा."

"किती बारीक?"

"तुम्ही एकदा कचेरीत जाऊनच या."

कचेरीची खिडकी अशा उंचीवर होती की बोलायचं तर वाकावं लागे, आणि वाकलं की आतल्या कारकुनाच्या शर्टाची तीन बटणं तेवढी दिसत. तोंड कधी दिसत नसे. धाकटी दीड तास रांगेत उभी राहिली आणि वाकली. बटणांनी यादी सांगितली. घराचा उतारा, मीटरचं बिल, गच्चीचा मोजमापासह नकाशा, शेजाऱ्याची ना हरकत, गच्चीच्या मजबुतीचा दाखला.

"गच्ची कुणी बांधली, ताई?"

"सासऱ्यांनी."

"इंजिनिअर आहेत?"

"मिस्त्री आहेत."

"म्हणजे नाहीत," असं म्हणून त्याने काहीतरी लिहिलं. धाकटीचे कान तापले. वाकलेल्या माणसाला रागावताही नीट येत नाही.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्ही कंपनीतले. एखादा शब्द टाकलात तर?"

"टाकणार नाही," लाइनमन बुटाची नाडी सोडत म्हणाला. "उद्या गाव म्हणेल, लाइनमनने आधी आपलं घर उजळलं. तू आपली रांगेत उभी राहा."

"राहते की. पाय माझेच आहेत, तुमचं काय जातंय!"

नकाशा मिस्त्रींनी काढला. मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. गावातली निम्मी घरं त्यांनी उभी केली होती. आता गुडघ्यांमुळे काम सुटलं होतं, पण कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीवर थाप मारून मग यजमानाची चौकशी करायचे. आयुष्यात त्यांनी फूटपट्टी धरली नव्हती. त्यांची एक दोरी होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या आपल्या मापाने त्यांनी तिला गाठी मारल्या होत्या. मिस्त्री नुसता आकडा सांगत आणि सुतार त्याप्रमाणे दार कापून आणत असे. ते दार चौकटीत अंगठी बसावी तसं बसे. त्यांनी गच्चीवर उकिडवं बसून दोरी टाकली, तोंडात पेन्सिल धरली आणि कागदावर चौकोन काढून एका बाजूला बावीस लिहिलं, दुसऱ्या बाजूला चौदा.

ना हरकत द्यायची होती शेजारच्या गिरणीवाल्याने. तो अवाढव्य माणूस, चालताना आधी पोट यायचं आणि मग तो.

"माझ्या वाट्याचं ऊन तर ओढून घेणार नाही ना ते?" त्याने विचारलं.

"घेतलं तर?"

"घ्या बाई घ्या, अंधार होईपर्यंत घ्या. गिरणीत भाजून निघालोय मी." त्याने सही केली. कागदावर पिठाची पाच बोटं उमटली.

नवव्या दिवशी फाइल परत आली. धाकटी पुन्हा खिडकीत वाकली.

"बावीस फूट गुणिले चौदा फूट," बटणं म्हणाली. "सहा पॅनल लावून भोवती फिरायला वाट उरत नाही. बसत नाहीत."

"साहेब, आमच्या गच्चीवर अर्धं गाव जेवायला बसेल!"

"कागदावर नाही बसत, ताई."

ती तणतणत घरी आली. मिस्त्रींनी कागद हातात घेतला आणि त्यांच्या भुवया टोपीला लागल्या. "फूट कुणी लिहिलं? मी बावीस लिहिलं. बावीस म्हणजे बावीस हात! शेंबड्या पोरालाही कळतं."

"कचेरीत शेंबडं पोर नव्हतं हो बाबा."

सासूबाई आतून हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. ते दोरी मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिले. "बेचाळीस वर्षांत या दोरीने कुणाचं दार अडकलं नाही," ते म्हणाले, "आणि माझीच गच्ची लहान झाली." धाकटीला त्यांच्याकडे बघवेना. तिला कारकुनापेक्षा स्वतःचा राग आला. बावीसच्या पुढे हात हा एक शब्द तिला लिहिता आला असता. पण तिलाही तो लिहायचं सुचलं नव्हतं, कारण या घरात मापाला दुसरं नावच नव्हतं.

अर्ज पुन्हा दिला. आता इंजिनिअर स्वतः येऊन मोजणार होती. तारीख मिळाली ती अंड्यांच्या एकोणिसाव्या दिवसाची. धाकटीने बोटं मोजली, पुन्हा मोजली. बोटं तेवढीच भरली.

सोळाव्या दिवशी पॅनलवाला हळूच म्हणाला, "वहिनी, मी आज जोडून देतो ना. कागद काय, मागाहून येतो. सगळेच करतात."

तिच्या जिभेवर हो येऊन बसलं होतं. ती फक्त म्हणाली, "यांना विचारते."

लाइनमन जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. त्याच्या तळहातांना तारांचे काळे पट्टे कायमचे पडले होते, ते त्याने तिच्यासमोर धरले.

"मी खटका ओढतो. लाइन मेली असं समजून या हातांनी तार धरतो. तपासणी न करता जोडलं आणि आपल्या बॅटरीतली वीज उलटी तारेत आली, तर? आपल्याच घरातली आहे म्हणून ती मला ओळखणार आहे का?"

धाकटीने त्याच्या ताटात वाढलं, हात धुतले आणि अंगणात जाऊन पॅनलवाल्याला सांगितलं, "थांबा. कागद आल्याशिवाय तारेला तार लावायची नाही."

"आणि अंडी?"

"अंडी पण थांबतील," ती म्हणाली. अंडी थांबत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या दिवसापासून तिने त्या कागदाला मनातल्या मनातही शिवी दिली नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊलाच इंजिनिअरबाई स्कूटरवरून आली. तरुण होती. हेल्मेट काढलं तर केस कपाळाला चिकटलेले. तिने गच्चीवर टेप टाकली, लांबी तेहतीस फूट, रुंदी एकवीस. मग तिने मिस्त्रींची दोरी मागून घेतली आणि एकेक गाठ टेपवर धरून बघितली.

"आजोबा, प्रत्येक गाठ अठरा इंचांवर आहे. बोटाचाही फरक नाही!"

"फरक असायला ती काय तुमची टेप आहे?" मिस्त्री म्हणाले. पण त्यांची छाती दोन गाठी पुढे आली होती.

"जागा भरपूर आहे," बाई म्हणाली. "राहिला मजबुतीचा दाखला. जुनं बांधकाम, कागद काही नाहीत. पॅनल, घोडे आणि वारा धरून एक टन वजन तासभर वर ठेवून बघावं लागेल. वाळूच्या गोण्या आहेत का?"

वाळूची गाडी चार दिवसांनी येणार होती. चार दिवसांनी! धाकटीच्या डोळ्यांसमोर तो परसातला खड्डा आला. ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

"बाई," मिस्त्रींनी विचारलं, "वजन कसलं पाहिजे?"

"कसलंही चालेल. वजन ते वजन."

"मग माणसं चालतील."

ही मिस्त्रींची जुनीच रीत होती. गच्ची पुरी झाली की घरमालकाची सगळी माणसं ते वर चढवत आणि स्वतः बरोबर तिच्याखाली उभे राहत. ज्याला आपल्या कामाखाली उभं राहवत नाही त्याने थापी धरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाई लगेच हो म्हणाली नाही. तिने खालून सगळं छत हातोडीने वाजवून पाहिलं, कोपरे टॉर्चने शोधले, बाहेरून भिंती पाहिल्या. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "काम पक्कं आहे. चार-चार जणांना चढवू. जरा काही हललं की सगळ्यांनी उतरायचं. पण खाली कोणी थांबायचं नाही."

"मी थांबणार," मिस्त्री म्हणाले.

"आजोबा, नियम आहे."

"मग छत वाकतंय का ते ओळंब्यावर कोण बघणार? तुम्ही तर वर."

बाईने मान डोलावली. "एकच माणूस."

"दोन," धाकटी उठून म्हणाली. "मशीन खालीच आहे. आता अंडी हलवता येत नाहीत. ती खाली तर मी खाली."

निरोप गेला आणि पंधराही बायका आल्या. पिल्लं त्यांचीच होती ना! गिरणीतला वजनकाटा अंगणात आणला, आणि तिथे खरी अडचण उभी राहिली. एकही बाई काट्यावर चढेना.

"मोठ्याने वाचायचं नाही," एकीने बजावलं.

"नुसतं लिहितो, वहिनी. तोंडाला कुलूप," गिरणीवाला म्हणाला. मग तो प्रत्येकीचं वजन लिहिताना भुवया अशा काही उंचावायचा की बाकीच्यांना हसू आवरेना. सगळ्यात शेवटी सासूबाई चढल्या. काटा बेचाळीसवर थांबला.

"एवढंच?" मिस्त्री म्हणाले.

"तुमच्या घरात जेवढं मिळालं तेवढंच भरलं."

पंधरा बायका, सासूबाई आणि एकशे बारा किलोंचा गिरणीवाला धरून बेरीज झाली नऊशे चौऱ्याण्णव. सहा किलो कमी. आता कोणाला बोलवायचं म्हणून सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मिस्त्री आत गेले आणि त्यांची हत्यारांची पिशवी घेऊन आले. थापी, रंधा, लोखंडी पाटा, हातोडी, छिन्नी. कितीतरी दिवसांनी ती खुंटीवरून निघाली होती. काट्यावर ठेवली तर साडेसहा भरली.

मागच्या खोलीत मिस्त्रींनी छताच्या मधोमध ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं टोकदार लोखंडी वजन, टांगला. खाली पाण्याने भरलेली परात ठेवली आणि ओळंब्याचं टोक पाण्यापासून कागदाच्या जाडीइतकं वर धरून गाठ मारली. छत केसभर वाकलं तरी टोक पाण्याला लागेल आणि पाणी सांगेल. मग दोघं जमिनीवर बसली, एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला सून, मध्ये परात आणि पाठीशी घरघरणारं मशीन.

पहिल्या चौघी चढल्या. जिन्यावर बांगड्या वाजल्या, वरून पावलं ऐकू आली. पाणी गप्प. पुढच्या चौघी. पाणी गप्प. मग आणखी चार, आणि मग शेवटच्या तिघींबरोबर सासूबाई, हातात हत्यारांची पिशवी घेऊन. धाकटी परातीवर आणखी वाकली. शेवटी जिना करकरल्यासारखा वाटला आणि वरून हाक आली, "मिस्त्री, आलो हो!"

"ये बाबा ये!" मिस्त्री ओरडले. "तुझ्यासारखे चार पेलेन मी!"

धप्, धप्, धप्. पाऊल मधोमध येऊन थांबलं. टोकाचं आणि पाण्याचं अंतर होतं तेवढंच होतं. धाकटीने मिस्त्रींकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघतच नव्हते. ते मान वर करून छताकडे बघत होते. लेकाच्या तोंडाकडे बघावं तसे.

आता तास काढायचा होता. वर ऊन रणरणत होतं. बायकांनी डोक्यावर फडकी घेतली, एकमेकींची उणीदुणी काढली, गिरणीवाल्याला सावलीसाठी मध्ये उभं केलं. हसण्याचा आवाज छतातून गाळून खाली येत होता. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग वर सगळ्या दमून गप्प झाल्या, आणि त्या शांततेत धाकटीला बारीकसा आवाज आला.

चिक्.

तिला वाटलं, छत! ती ओळंब्याकडे झेपावली. टोक जागच्या जागी होतं.

चिक्. चिक्.

"तिकडे नाही, पोरी," मिस्त्री हळूच म्हणाले. "मागे."

तिने मशीनच्या दाराला कान लावला. अजून एकही कवच फुटलं नव्हतं. पण आतून, बंद अंड्यांतून, पिल्लं बोलत होती. एकीने विचारावं आणि दुसरीने ओ द्यावी तशी. धाकटीला रडू फुटलं. वर टनभर माणसं उभी आहेत हे विसरून ती हसत होती आणि रडत होती, आणि मिस्त्री तिच्या पाठीवर थोपटत होते, भिंत तपासताना थोपटायचे तसेच.

तास भरला. इंजिनिअरबाईने खाली येऊन ओळंबा पाहिला, परात पाहिली आणि गुडघ्यावरच नकाशा ठेवून सही केली. मग जरा थांबून तिने कोपऱ्यात आणखी दोन ओळी लिहिल्या.

"आजच शिक्का मिळवा. उद्या जोडणी बघायला मी येते."

दोन वाजता लाइन गेली. पण आज घरात पंधरा बायका होत्या. त्यांनी मशीनचं दार उघडलं आणि खोक्यांचे पुठ्ठे फाडून पाळीपाळीने वारा घालायला सुरुवात केली. मशीन त्यांच्या हाती सोपवून धाकटी धापा टाकत कचेरीत गेली, आणि रांगेतून खिडकीत पोचली तेव्हा साडेचार झाले होते.

बटणांनी कागद घेतला. मग वाचल्याचं ऐकू आलं, "मापाचे परिमाण हात. एक हात म्हणजे अठरा इंच, बांधकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताप्रमाणे. हे काय?"

"आमच्या सासऱ्यांचा हात," धाकटी म्हणाली.

खुर्ची सरकली. खिडकीतून पहिल्यांदाच तोंड बाहेर आलं. साधाच माणूस, दमलेला, कानाजवळ शाईचा डाग. "आणि मजबुतीची चाचणी माणसं उभी करून?"

"सतरा. आणि एक पिशवी."

तो हसला. शिक्का दोनदा शाईत दाबून त्याने नकाशावर असा मारला की खिडकी हादरली. "ताई," तो हळूच म्हणाला, "पिल्लं निघाली की दोन ठेवाल का? आमच्या मुलीला हवीत."

"चार ठेवते," धाकटी म्हणाली, आणि आपण सरळ उभ्या आहोत हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

विसाव्या दिवशी उजाडायच्या आत पॅनलवाला माणसं घेऊन हजर झाला. घोडे आधीच जोडून ठेवले होते. साडेबारापर्यंत सहाही पॅनल गच्चीवर बसले, भोवती फिरायला ऐसपैस वाट सोडून. इंजिनिअरबाईने खटके तपासले, उलटी वीज तारेत जात नाही याची तीन वेळा खात्री केली, आणि मग लाइनमननेही आपला टेस्टर लावून बघितला. स्वतःच्या घरचं म्हणून त्याने सवलत दिली नाही. चौथ्यांदा बघितलं.

"आता जातो," तो घड्याळ बघून म्हणाला. "गावाच्या शिव्या खायची वेळ झाली."

दोन वाजायला आले. मागच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका, गिरणीवाला, सासूबाई, सगळे दाटीवाटीने उभे. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत थांबला. गावातले पंखे एकेक करून मंदावले. धाकटीचे डोळे मशीनच्या लाल दिव्यावर खिळले होते.

घरघर चालूच राहिली. दिवा लवला नाही.

कोणी काही बोलायच्या आत मधल्या खणात एक अंडं डुलायला लागलं. फुलीच्या बाजूला चिरा पडल्या, कवचाचं टोपण वर उचललं गेलं, आणि ओलं, वेडंविद्रं, डोळे मिटलेलं एक पिल्लू शेजारच्या अंड्यावर पालथं पडलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं. मग खालच्या खणात तिसरं.

धाकटीचा फोन वाजला. लाइनमन खांबावरून बोलत होता, मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"मी खटका ओढला. तुझ्याकडे काय?"

तिने मशीनचं दार बोटभर उघडलं आणि फोन आत धरला.

पलीकडे लाइनमन इतक्या मोठ्याने हसला की खांबाखाली शिव्या द्यायला जमलेली माणसं वर बघायला लागली.

"किती आहेत गं?"

"मोजत नाहीये आत्ता," धाकटी म्हणाली. "तुम्ही आधी नीट धरून खाली उतरा."